व्हॉल्व्हच्या डाटाशीटमधली ती एक ओळ: स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रिफायनरी, पेट्रोकेमिकल आणि रसायन प्रकल्पांतील पाइपिंग, मेंटेनन्स व खरेदी विभागातील अधिकारी, तसेच त्यांच्यासाठी स्पेसिफिकेशन तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्या

विषय : ‘लो फ्युजिटिव्ह एमिशन’ व्हॉल्व्हची मागणी नेमक्या शब्दांत करण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्या निविदांमध्ये अलीकडे एक ओळ हमखास सापडते : ‘सर्व व्हॉल्व्ह आयएसओ १५८४८ प्रमाणे लो फ्युजिटिव्ह एमिशन प्रकारचे असावेत.’ बस. क्लास (गळतीच्या मर्यादेचा वर्ग) नाही, तापमान नाही, किती सायकल (म्हणजे किती वेळा उघडझाप) ते नाही, किती नग तपासायचे तेही नाही. आयएसओ १५८४८ हे व्हॉल्व्हमधून बाहेर होणारी गळती तपासण्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आणि मी व्हॉल्व्हच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. ही ओळ कारखान्यात पोचल्यावर तिचं काय होतं ते रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

ही ओळ वाचून व्हॉल्व्ह बनवणारा आपल्या फायली उघडतो आणि हाताशी असलेलं सर्वांत सोपं सर्टिफिकेट जोडतो. बहुधा दोन इंची व्हॉल्व्ह, खोलीच्या तापमानाला, सर्वांत ढिला क्लास, सर्वांत कमी सायकल. त्यावर आयएसओ १५८४८ लिहिलेलं असतं, तुमच्या टेक्निकल इव्हॅल्युएशनच्या तक्त्यात ‘कम्प्लाइड’ असा शेरा पडतो आणि पुढची लढाई फक्त दरावर होते. ज्या कंपनीने ४०० अंशाला, वरच्या क्लासची टेस्ट करून घेण्यासाठी खर्च केला, ती एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची, होत नाही. यात फसवणूक कुणीच केलेली नसते. मागितलं तेवढं दिलं.

आधी थोडी उजळणी, कारण या पत्राच्या वाचकांत खरेदीची मंडळीही आहेत. फ्युजिटिव्ह एमिशन म्हणजे चिमणीतून न जाता जोडांमधून, सीलमधून, ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून) नकळत हवेत सुटणारा वायू किंवा वाफ. डोळ्यांना दिसत नाही, जमिनीवर थेंब पडत नाही. पंप, कॉम्प्रेसर, फ्लँज, सँपलिंग पॉइंट सगळीकडून ते होतं. पण व्हॉल्व्हची संख्या प्रचंड असते आणि प्रत्येकाचा स्पिंडल, म्हणजे उघडझाप करणारा दांडा, हलणारा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत एका नमुना प्रकल्पाचा हिशोब दिला आहे. त्यात उपकरणांच्या एकूण गळतीपैकी साठ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा एकट्या व्हॉल्व्हचा आहे.

एक व्हॉल्व्ह किती सोडतो? त्याच ईपीएने १९९५ मध्ये रिफायनरीच्या व्हॉल्व्हसाठी एक सूत्र दिलं होतं. स्निफरचं, म्हणजे हवा ओढून त्यातला वायू मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) त्यात घातलं की ताशी किती माल हवेत जातो याचा अंदाज मिळतो. १०० पीपीएम दाखवणारा व्हॉल्व्ह वर्षाला साधारण ६०० ग्रॅम सोडतो. १०,००० पीपीएम दाखवणारा साधारण १९ किलो. हा सरासरीचा हिशोब आहे, एका सुट्या व्हॉल्व्हवर लावायचा नाही. पण ज्या प्रकल्पात वीस-तीस हजार व्हॉल्व्ह आहेत तिथे तो चांगलाच लागू पडतो, आणि तो माल तुम्ही विकत घेतलेला किंवा विकायला काढलेला असतो, हे मेंटेनन्सवाल्यांपेक्षा अकाउंट्सवाल्यांना लवकर पटतं.

आता नेहमीच्या घोळाबद्दल. ‘आमचा व्हॉल्व्ह एपीआय ५९८ला पास आहे, झिरो लीकेज आहे,’ असं उत्तर मला चर्चेत ऐकू येतं, आणि समोरचा अधिकारी मान डोलावतो. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट; तिच्या ५९८ मध्ये शेल टेस्ट आणि सीट टेस्ट असते. पाणी भरून दाब दिला, बॉडीतून गळलं नाही, गेट बंद केल्यावर पलीकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त थेंब किंवा बुडबुडे आले नाहीत, झालं. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपाच्या आतल्या आत काय पार होतं ते सीट टेस्ट सांगते. स्पिंडलभोवतून बाहेरच्या हवेत काय जातं, तेही तापून-गार होऊन शेकडो वेळा फिरवल्यावर, त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. कंट्रोल व्हॉल्व्हच्या ‘क्लास सिक्स’चंही तसंच : तो सीटचा वर्ग आहे, ग्लँडचा नाही. पाण्याला दाद न देणाऱ्या फटीतून हीलियम किंवा मिथेन आरामात निघून जातो. हायड्रो टेस्टच्या कागदावर फ्युजिटिव्ह एमिशनची अट पूर्ण झाली असं मानणारी फाइल मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे.

तर आयएसओ १५८४८ मध्ये नेमकं काय मागता येतं? पहिला भाग टाइप टेस्टचा, म्हणजे एका नमुना व्हॉल्व्हच्या सविस्तर परीक्षेचा. त्यात टाइटनेसचे तीन क्लास आहेत, ए, बी आणि सी. हीलियमने मोजलं तर बी आणि सी यांच्या मर्यादेत शंभर पटींचा फरक आहे. शंभर पटींचा! म्हणजे क्लास न लिहिता ‘१५८४८ प्रमाणे’ लिहिणं म्हणजे कापडवाल्याला नुसतं ‘शर्टाचं कापड द्या’ म्हणून पैसे मोजण्यासारखं. स्टँडर्डमध्येच टीप दिली आहे की ए हा क्लास सहसा बेलोज सीलने (धातूच्या भात्यासारख्या सीलने) किंवा क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघडणाऱ्या) व्हॉल्व्हमधल्या त्याच तोडीच्या सीलने साधतो, बी टेफ्लॉनवर आधारलेल्या पॅकिंगने किंवा रबरी सीलने, आणि सी लवचिक ग्रॅफाइटने. हल्लीचं चांगलं ग्रॅफाइट पॅकिंग, चांगल्या स्पिंडलवर, बीमध्येही बसतं. पण त्यासाठी बनवणाऱ्याला मेहनत घ्यावी लागते. ती मेहनत तुम्ही मागितलीच नाही तर तो का घेईल?

हीलियम की मिथेन हेही लिहा. हीलियमची गळती व्हॅक्यूम किंवा बॅगिंग पद्धतीने, मास स्पेक्ट्रोमीटर लावून मोजतात आणि तो खरा गळतीचा दर असतो. मिथेनची मोजणी स्निफरने होते आणि ती पीपीएममध्ये, म्हणजे त्या जागच्या हवेतलं प्रमाण. मिथेनसाठी मर्यादा क्लासनुसार ५०, १०० आणि ५०० पीपीएम अशा आहेत. स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की हीलियमच्या आणि मिथेनच्या आकड्यांत नातं जोडू नका. तरीही ‘आमच्याकडे हीलियमचं बीएच (हीलियमने मोजलेला बी क्लास) आहे, ते तुमच्या १०० पीपीएमच्या बरोबरीचंच’ असं पत्र येतं आणि ते मान्य होतं.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. आयसोलेशन व्हॉल्व्हसाठी (फक्त उघडायच्या-मिटायच्या) सीओ१, सीओ२, सीओ३ अशा तीन पायऱ्या आहेत : २०५, १५०० आणि २५०० सायकल. (सीओ१चा आकडा २००६च्या आवृत्तीत ५०० होता, २०१५च्या आवृत्तीत तो २०५ झाला.) कंट्रोल व्हॉल्व्हच्या (प्रवाह सतत कमी-जास्त करणाऱ्या) पायऱ्या २०,०००पासून सुरू होतात आणि एक लाखापर्यंत जातात. क्रूड युनिटमधला गेट व्हॉल्व्ह वर्षातून दोन-चार वेळा फिरत असेल, त्याला २०५ सायकल म्हणजे आख्खं आयुष्य. पण कुरकुंभ किंवा लोटे परशुरामच्या बॅच प्लँटमध्ये रिअॅक्टरच्या खालचा बॉल व्हॉल्व्ह दिवसाला दहा वेळा उघडतो-मिटतो असं धरा. २०५ सायकल तीन आठवड्यांत संपतात. २५०० देखील आठ-नऊ महिन्यांत. दोन्ही ठिकाणी एकाच डाटाशीटवरून व्हॉल्व्ह मागवले जातात, कारण कॉपी-पेस्ट. तो व्हॉल्व्ह दिवसाला किती वेळा चालतो हे ऑपरेशनवाल्याला विचारायला एक फोन पुरतो.

तिसरी गोष्ट तापमानाची. स्टँडर्डमध्ये उणे १९६, उणे ४६, खोलीचं तापमान, २०० आणि ४०० अंश असे टप्पे आहेत. सर्टिफिकेट खोलीच्या तापमानापासून ज्या तापमानाला टेस्ट झाली तिथपर्यंतच चालतं. २०० अंशाचं सर्टिफिकेट उणे ४६च्या लाइनला उपयोगाचं नाही, हे सांगावं लागू नये, लागतं.

चौथी, जिच्याकडे कुणी बघत नाही : टेस्ट चालू असताना ग्लँड किती वेळा घट्ट केली. स्टँडर्ड ठरावीक वेळा घट्ट करायला परवानगी देतं, पण ते सर्टिफिकेटवर एसएसए (स्टेम सील अॅडजस्टमेंट) पुढे आकडा घालून लिहावं लागतं. एसएसए० म्हणजे एकदाही हात लावला नाही. एसएसए१ म्हणजे मध्ये एकदा पाना लावला. प्रयोगशाळेत टेक्निशियन शेजारी उभा असतो, आकडा वर सरकला की थांबून नट आवळतो. प्लँटमध्ये वीस फुटांवरच्या पाइप रॅकवर असलेल्या व्हॉल्व्हपाशी कोण उभा असतो?

एवढ्या सगळ्या गोष्टी मिळून एक ओळ होते, आणि ती स्टँडर्डनेच आखून दिली आहे : ‘आयएसओ एफई – बीएच – सीओ१ – एसएसए० – टी२०० – पीएन१६’. म्हणजे हीलियमने बी क्लास, २०५ सायकल, ग्लँडला हात न लावता, २०० अंशापर्यंत, पीएन१६ या प्रेशर क्लाससाठी. तुमच्या डाटाशीटमध्ये हीच ओळ, तुम्हाला हवे ते आकडे घालून, टंकायला दोन मिनिटं लागतील.

अमेरिकन पद्धतीच्या प्रकल्पांसाठी एपीआयचा रस्ता आहे आणि खरं तर तो जास्त सरळ आहे, कारण त्यात निवडायला फार जागाच ठेवलेली नाही. एपीआय ६२४ हे गेट आणि ग्लोबसारख्या, स्पिंडल वर-खाली होणाऱ्या, ग्रॅफाइट पॅकिंगच्या व्हॉल्व्हसाठी. ३१० सायकल, खोलीच्या तापमानापासून २६० अंशापर्यंत तीन वेळा तापवणं-गार करणं, मिथेन, आणि मर्यादा १०० पीपीएम. मध्ये ग्लँडला हात लावायचा नाही. १००च्या वर गेलं की नापास. बॉल, प्लग, बटरफ्लाय अशा क्वार्टर टर्न व्हॉल्व्हसाठी एपीआय ६४१ आहे, त्यात ६१० सायकल. या दोन्हींच्या आधी एपीआय ६२२ येतं, आणि इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. ६२२ ही पॅकिंगची परीक्षा आहे, व्हॉल्व्हची नाही. ठरावीक मापाच्या फिक्स्चरमध्ये, गुळगुळीत स्पिंडलवर, पॅकिंग बनवणाऱ्याने १५१० सायकल काढलेले असतात. उत्तम पॅकिंग असल्याचा तो पुरावा. पण तेच पॅकिंग तुमच्या व्हॉल्व्हच्या खडबडीत स्टफिंग बॉक्समध्ये (पॅकिंग बसतं त्या कप्प्यात), किंचित वाकलेल्या स्पिंडलवर काय करेल, ते ६२२ला माहीत नाही. निविदेत ६२४ मागितलेलं असताना ६२२चं सर्टिफिकेट जोडणं हा आता रिवाजच झाला आहे.

मग काय पाहायचं? एक सर्टिफिकेट समोर धरून जरा वाचूया. आधी स्पिंडलचा व्यास बघा. आयएसओनुसार एका टेस्टची मान्यता तपासलेल्या स्पिंडलच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या व्यासालाच देता येते. २० मिलिमीटरवर टेस्ट झाली असेल तर १० ते ४०. तुमच्या यादीतल्या २४ इंची गेट व्हॉल्व्हचा स्पिंडल त्यात बसतो का? मग प्रेशर क्लास : टेस्ट झाली त्याच्या बरोबरीचा किंवा खालचा चालतो, वरचा नाही. मग पॅकिंगचं नाव, नुसतं ‘ग्रॅफाइट’ नव्हे, कोणत्या कंपनीचं कोणतं, किती रिंगा, कोणत्या क्रमाने. ते बदललं की मान्यता गेली. स्पिंडलची हालचालही तीच हवी; वर-खाली होणाऱ्याची टेस्ट फिरणाऱ्याला लागू नाही. आणि हो, ग्लँडवर येणारा ताण. ज्या व्हॉल्व्हची टेस्ट झाली त्याला डिस्क स्प्रिंगा लावल्या होत्या आणि तुम्हाला मिळणाऱ्या व्हॉल्व्हला नाहीत, तर ते दोन वेगळे व्हॉल्व्ह आहेत.

बॉल व्हॉल्व्ह घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पडताळावी. फायर सेफचं सर्टिफिकेट, म्हणजे एपीआय ६०७, ग्रॅफाइटच्या ग्लँड पॅकिंगसह मिळवलेलं असतं, कारण आगीत टेफ्लॉन टिकत नाही. एमिशनचं सर्टिफिकेट मात्र टेफ्लॉनच्या व्ही-रिंगा घालून मिळवलेलं असतं, कारण त्यात आकडा छान येतो. दोन्ही कागद खरे. तुमच्या हातात पडलेल्या व्हॉल्व्हमध्ये मात्र दोहोंपैकी एकच काहीतरी असणार. दोन्ही टेस्ट एकाच पॅकिंगच्या मांडणीवर झाल्याचं लेखी मागा. या एका प्रश्नाने चर्चेचा सूर किती बदलतो ते अनुभवून पाहा.

टाइप टेस्ट एका नगाची असते. तुमचे हजार नग रोजच्या शिफ्टमध्ये, वेगवेगळ्या हातांनी जुळवलेले असतात. त्यांच्यासाठी आयएसओ १५८४८चा दुसरा भाग आहे, प्रॉडक्शन टेस्टचा, आणि तो तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये बहुतेकदा नसतोच. टेस्ट साधी आहे. व्हॉल्व्हची दोन्ही टोकं ब्लँक करायची, म्हणजे झाकणं लावून बंद करायची, आत ६ बार हीलियम भरायचा, अर्धवट उघडा ठेवून स्निफरची नळी ग्लँडभोवती आणि बॉनेटच्या (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाच्या) जोडाभोवती सावकाश फिरवायची, पाच वेळा उघडझाप करायची, पुन्हा फिरवायची. ग्लँडसाठी क्लासनुसार ५०, १०० किंवा २०० पीपीएम, बॉडीच्या जोडांसाठी ५०. किती टक्के नग तपासायचे ते स्टँडर्डने खरेदीदार आणि विक्रेत्यावर सोडलं आहे. तुम्ही आकडा लिहिला नाही तर लॉटमागे एक. तो एक कोण निवडणार? ते लिहिलं नाही तर विक्रेता. तुमचा इन्स्पेक्टर सकाळी दहाला पोचतो तेव्हा टेबलावर एक व्हॉल्व्ह आधीच ब्लँक लावून तयार असतो. निवड इन्स्पेक्टरने करावी, एवढे चार शब्द घाला.

या टेस्टच्या वेळी काय काय होतं ते सांगतो, कारण कागदावर यातलं काही उमटत नाही. नुकत्याच हायड्रो टेस्टमधून आलेल्या व्हॉल्व्हच्या पॅकिंगमध्ये पाणी असतं. ते पाणी बारीक फटी बुजवतं आणि रीडिंग सुंदर येतं. चार दिवस वाळला की तोच व्हॉल्व्ह वेगळं बोलतो. रंग आधी मारला असेल तर बॉनेटच्या जोडावरचा रंग सीलचं काम करतो. आणि सर्वांत सोपी युक्ती : ग्लँडचे नट लांब पान्याने आवळून ठेवायचे. रीडिंग शून्याजवळ येतं, फक्त हँडव्हील फिरत नाही. तेव्हा इन्स्पेक्टरने रीडिंग बघण्याआधी हँडव्हील स्वतः फिरवून बघावं. नटांचा टॉर्क मोजून रिपोर्टमध्ये लिहायला सांगावा, आणि तोच आकडा व्हॉल्व्हला लटकवलेल्या टॅगवर असावा. टाइप टेस्टच्या रिपोर्टमध्येही तो असतो. तिन्ही आकडे जुळतात का, एवढंच बघायचं. त्याला ना मोठं यंत्र लागतं, ना शिक्षण.

घट्ट ग्लँडचा भुर्दंड अॅक्च्युएटरलाही, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या यंत्रालाही, पडतो. पॅकिंगचं घर्षण वाढलं की टॉर्क वाढतो, आणि अॅक्च्युएटर जुन्या पॅकिंगच्या आकड्यांवर निवडलेला असेल तर ऐन वेळी व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो. कंट्रोल व्हॉल्व्ह अडखळत चालतो आणि इन्स्ट्रुमेंटवाले लूपला शिव्या देतात. लो एमिशनची अट घालताना अॅक्च्युएटरची निवड त्याच पॅकिंगच्या घर्षणावरून करा, हेही डाटाशीटमध्येच यायला हवं.

पॅकिंग जास्त म्हणजे सील चांगलं, हा गैरसमज जुन्या फिटरांमध्ये पक्का आहे आणि काही स्पेसिफिकेशनमध्येही. ग्लँडचा दाब वरच्या रिंगवर पडतो आणि भिंतींच्या घर्षणामुळे खाली जाताना झपाट्याने घटतो. दहा रिंगांच्या खोल स्टफिंग बॉक्समध्ये तळाच्या रिंगांना काम करण्याइतका ताण मिळतच नाही. त्या नुसत्या बसून असतात, आणि जितकं जास्त ग्रॅफाइट तितकं ते पुढे बसत जाऊन ग्लँड सैल पडते. पाचेक रिंगांचा नेटका संच, मधल्या रिंगा दाबून साच्यात काढलेल्या आणि दोन्ही टोकांना विणलेल्या, हा आज बहुतेक चांगल्या बनवणाऱ्यांचा मार्ग आहे. त्याहून महत्त्वाचा स्पिंडल : एपीआय ६०० त्याच्या पृष्ठभागासाठी ०.८ मायक्रॉनची मर्यादा घालतं. ती मोजा. स्पिंडल सरळ आहे का तेही मोजा. पॅकिंग कितीही महागडं घ्या, त्यावरून खरवडत जाणारा स्पिंडल दोनशे सायकलमध्ये त्याची वाट लावतो.

आता थोडं तुमच्या आवारातलं. व्हॉल्व्ह चांगला आला, बसला, दोन वर्षं चालला. शटडाऊनमध्ये ग्लँड उघडली आणि स्टोअरमधून आली मीटरवर कापून मिळणारी ग्रॅफाइटची दोरी. फिटरने ती तिरपी कापून सात वेढे घातले, नट आवळले, काम संपलं. त्या क्षणी तुमच्या व्हॉल्व्हची टाइप टेस्ट, प्रॉडक्शन टेस्ट, सर्टिफिकेट, सगळं कापलेल्या दोरीच्या तुकड्यांबरोबर कचऱ्यात गेलं. यात फिटरचा दोष नाही. त्याला दिलं तेच त्याने घातलं. व्हॉल्व्हच्या ऑर्डरमध्येच त्याच पॅकिंगचे तयार संच स्पेअर म्हणून मागवा आणि स्टोअरच्या कोडमध्ये पॅकिंगचं पूर्ण नाव घाला. ‘ग्रॅफाइट पॅकिंग, ६ मिमी’ असा कोड असेल तर खरेदी विभाग पुढच्या वेळी सर्वांत स्वस्त सहा मिलिमीटरच आणणार, आणि त्यांचंही चूक नाही.

सगळीकडे ए क्लास मागावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट नको तिथे मागणारेही पुष्कळ आहेत. कूलिंग वॉटरच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हला एपीआय ६४१ मागणारी निविदा माझ्या टेबलावर येऊन गेली आहे. पाण्याची कसली एमिशन मोजायची? बेंझीन, व्हिनाइल क्लोराइड, इथिलीन ऑक्साइड, क्लोरीन अशा घातक मालाच्या लाइनवर बेलोज सील किंवा ए क्लास मागा आणि त्यासाठी पैसे मोजा. हलक्या हायड्रोकार्बनसाठी बी क्लास किंवा एपीआयचे १०० पीपीएम. जड तेलाच्या, वाफेच्या लाइनवर सी चालेल, काही ठिकाणी तर काहीच नको. ही वाटणी प्रोसेसवाल्यांनी लाइन लिस्टवर करायची असते. ती न करता सगळ्या व्हॉल्व्हला एकच अट लावली की दर वाढतो, मग दर कमी करायला डेव्हिएशन (अटींतून सवलती) मान्य होतात, आणि ती नेमकी बेंझीनच्या लाइनवरही लागू होतात.

कायदा मागत नाही तर आम्ही का मागू, हा प्रश्न मला ठाऊक आहे. केंद्र सरकारने मार्च २००८मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी जे निकष अधिसूचित केले, त्यांत गळती शोधून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम आला. मोजणीला अमेरिकेच्या ‘मेथड २१’चा, म्हणजे स्निफरने मोजण्याच्या पद्धतीचा, आधार आहे. पण कशाला गळती म्हणायचं तो आकडा हजारो पीपीएममध्ये आहे. अमेरिकेत अनेक रासायनिक प्रकल्पांच्या व्हॉल्व्हसाठी तो २००७पासून ५००वर आला, आणि ईपीएने न्यायालयात कंपन्यांशी केलेल्या तडजोडींमध्ये तर व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने पाच वर्षं १०० पीपीएमच्या आत राहण्याची लेखी हमी द्यावी अशी अट आहे. जर्मनीने २०२१मध्ये आपल्या हवेच्या नियमांत थेट आयएसओ १५८४८-१चा आधार घेतला. आपल्याकडची कायद्याची मर्यादा गळका व्हॉल्व्ह पकडण्यासाठी आहे. नवा व्हॉल्व्ह विकत घेताना तिच्याकडे बघून चालणार नाही. पहिल्या दिवशी २,००० पीपीएम दाखवणारा व्हॉल्व्ह पाच वर्षांनी काय दाखवेल?

आणि कुंपणाबाहेरचे लोक आता मोजायला शिकले आहेत. चेंबूरजवळच्या माहुलचे रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि ऑगस्ट २०२०मध्ये लवादाने तिथल्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. तो वाद टाक्या, भरणा, शुद्धीकरण अशा सगळ्यांचा मिळून होता, नुसत्या व्हॉल्व्हचा नव्हता. पण रात्री दर्प आला म्हणून खिडकी लावून घेणाऱ्या माणसाला तो टाकीतून आला की ग्लँडमधून, याच्याशी कर्तव्य नसतं. हवेतल्या बेंझीनचा आपल्याकडचा मानक वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, २००९पासून. त्या आकड्यात तुमच्या प्रत्येक व्हॉल्व्हची भर पडते.

खर्चाचं म्हणाल तर तो आहे, लपवण्यात अर्थ नाही. २६० अंशाला मिथेन भरून टेस्ट करायची तर वेगळी, सुरक्षित जागा लागते, दिवस जातात, आणि मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह त्यात अडकून पडतो. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला प्रत्येक मापाची टेस्ट करणं परवडत नाही. म्हणूनच निम्मा-ते-दुप्पट व्यासाचा नियम आहे. नीट आखलं तर तीन-चार टेस्टमध्ये बहुतेक सगळी मापं बसतात. पण त्याने हा खर्च करावा असं वाटत असेल तर निविदेत डेव्हिएशन मान्य करण्याची तुमची सवय आधी थांबायला हवी. ज्याने खर्च केला तो दोनदा हरला की तिसऱ्यांदा करत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

माझी मागणी थोडक्यात एवढीच आहे : पुढच्या इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) त्या एका ओळीच्या जागी पूर्ण ओळ लिहा, प्रॉडक्शन टेस्टचे टक्के लिहा, निवड कोण करणार ते लिहा, आणि पॅकिंगचे स्पेअर संच त्याच ऑर्डरमध्ये घाला. पाच वर्षांच्या हमीची अट घालणार असाल तर त्या काळात पॅकिंग कुणी बदललं आणि कोणतं घातलं याची नोंद तुमच्याकडे असली पाहिजे, नाहीतर पहिल्याच वादात विक्रेता हात वर करेल आणि बरोबर असेल.

आणखी एक विनंती. टेस्टला नेहमी थर्ड पार्टी इन्स्पेक्टर येतो. कधीतरी ज्याने स्पेसिफिकेशन लिहिलं तो इंजिनिअर येऊ द्या. पूर्ण टाइप टेस्ट बघायला वेळ नसेल तर निदान शेवटच्या थर्मल सायकलला या. तोपर्यंत शांत बसलेलं रीडिंग व्हॉल्व्ह गार होताना, ग्रॅफाइट आक्रसल्यावर, कसं सरकतं ते तेव्हाच दिसतं. आदल्या दिवशी कळवलंत तर बरं, कारण हीटिंग सकाळी लवकर सुरू होतं.

कळावे,

आपला,
व्हॉल्व्ह टेस्टिंगमधला एक इंजिनिअर, पुणे